गळ्यातली गाठ आणि बारीक सुई

‘गाठीला लोखंड लावू नये, ती खवळते.’ हे वाक्य मी नवी मुंबईत गेली अनेक वर्षं ऐकत आले आहे. उरणहून आलेल्या आजी ते म्हणतात, कोपरखैरण्यातल्या माथाडी कामगाराची बायको म्हणते आणि नेरूळच्या उंच इमारतीत राहणारा संगणक अभियंताही जरा वेगळ्या शब्दांत तेच विचारतो, ‘डॉक्टर, सुई टोचल्यामुळे कॅन्सर पसरत तर नाही ना?’ माझं काम पेशी तपासण्याचं. गळ्यात, काखेत, स्तनात आलेल्या गाठीत बारीक सुई घालायची, आत काय सापडतं ते काचपट्टीवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. रुग्णालयाच्या कागदावर या तपासणीला ‘एफएनएसी’ म्हणतात. घरी जाऊन लोक ‘सुईची तपासणी केली’ असं सांगतात आणि ते अगदी बरोबर आहे.

लोकांच्या या भीतीला मी कधी अडाणीपणा म्हणत नाही. एकेकाळी युरोप-अमेरिकेतल्या नामवंत डॉक्टरांनाही हीच भीती होती आणि ती जायला निम्मं शतक लागलं. ती कशी गेली आणि सुईने नेमकं काय साधलं, हे आज सांगायचं आहे. गाठी शरीरात कुठेही येतात, पण मी उदाहरण घेणार आहे ते गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं. सुईने सर्वांत जास्त लोकांचं ऑपरेशन जर कुठे वाचवलं असेल, तर ते इथे.

थायरॉइड, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातली अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला बिलगून बसलेली असते. आकार फुलपाखरासारखा, वजन साधारण वीस ग्रॅम. श्वासनलिकेला ती बांधलेली असल्यामुळे आपण घोट घेतला की ती वर जाते आणि परत खाली येते. आरशासमोर उभं राहून पाणी प्या. गळ्यातली गाठ घोटाबरोबर वर-खाली झाली, तर ती बहुधा थायरॉइडची आहे. डॉक्टर गळा तपासताना ‘आवंढा गिळा’ म्हणतात ते याचसाठी आणि सुई आत असताना ‘आता मुळीच गिळू नका’ म्हणतात तेही याचसाठी.

गळ्याच्या गाठीची दखल आपल्याकडे फार पूर्वीपासून घेतली गेली आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड या विकारांची लक्षणं एकाच अध्यायात सांगितली आहेत. म्हणजे गाठ आणि गाठ यांत फरक असतो आणि उपचाराआधी तो ओळखावा लागतो, ही जाणीव तेव्हाही होती. स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळचा अरब शल्यवैद्य अल्-झहरावी हजार वर्षांपूर्वी गळ्याच्या गाठीत सुई घालून तिचा प्रकार ओळखत असे, असं वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. पण सूक्ष्मदर्शक नव्हता, तोवर सुईतून फार तर पाणी आहे की रक्त आहे, एवढंच कळायचं.

मग उरला चाकू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थायरॉइडचं ऑपरेशन म्हणजे मृत्यूला आमंत्रण होतं. या ग्रंथीला रक्तपुरवठा प्रचंड आणि रक्तस्राव थांबवायची साधनं तुटपुंजी. चांगले शल्यचिकित्सकही या गाठीला हात लावत नसत. हे चित्र बदललं ते स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथल्या थिओडोर कोखर यांनी. त्यांच्या सुरुवातीच्या शंभरएक ऑपरेशनांत सुमारे १३ टक्के रुग्ण दगावले होते. अत्यंत सावकाश, एकेक रक्तवाहिनी बांधत काम करण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हे प्रमाण अर्ध्या टक्क्यापर्यंत खाली आलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

कोखर यांचा मोठेपणा आणखी एका गोष्टीत आहे. ज्यांची थायरॉइड त्यांनी संपूर्ण काढली होती, त्या रुग्णांना काही वर्षांनी त्यांनी परत बोलावून तपासलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं, जखमा सुरेख भरल्या होत्या, पण माणसं सुजलेली, थंड पडलेली, मंद झालेली होती. लहान मुलांची वाढ खुंटली होती. १८८३ मध्ये त्यांनी हे जाहीरपणे मांडलं. थायरॉइड हा गळ्यातला निरुपयोगी गोळा नाही, तिच्यावाचून शरीर चालत नाही, हे जगाला त्यातून उमगलं. पुढे १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला आणि ती त्या उपचारावर पुढे २८ वर्षं जगली. आज सकाळी उपाशीपोटी घेतली जाणारी थायरॉइडची छोटी गोळी या अर्काची वारसदार आहे.

ऑपरेशन सुरक्षित झालं आणि त्यातून नवा पेच उभा राहिला. गाठ काढता येते, पण काढायची कुणाची? थायरॉइडच्या गाठी फार सर्रास आढळतात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी जास्त. तपासणीसाठी आलेल्या शंभर गाठींपैकी साधारण पाच ते पंधरा कॅन्सरच्या निघतात. बाकीच्या निरुपद्रवी. हाताला मात्र दोन्ही सारख्याच लागतात. चुकून कॅन्सर राहू नये म्हणून सगळ्या काढाव्यात, तर नव्वदएक माणसांच्या गळ्यावर विनाकारण चाकू चालतो. त्यात आवाजाची नस थायरॉइडच्या पाठीला चिकटून जाते; तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. शेजारच्या चार इवल्या ग्रंथींना धक्का लागला तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि हातपाय वळतात. आणि सगळी थायरॉइड गेली तर जन्मभराची गोळी.

हा पेच सोडवायला मुंबईजवळ एक आधुनिक साधन तयार होत होतं. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. अणुभट्टीत किरणोत्सारी आयोडीन बनवता येतं आणि थायरॉइड ही आयोडीनची भुकेली ग्रंथी. रुग्णाला असं आयोडीन अत्यल्प प्रमाणात पाजायचं आणि गळ्यासमोर यंत्र धरून ते कुठे साठलं हे पाहायचं, अशी ही तपासणी. परळला १९६३ मध्ये अणुशक्ती खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं आणि देशभरातून थायरॉइडचे रुग्ण तिथे येऊ लागले. पुढे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिट’ या संस्थेच्या वाशीतल्या संकुलातून वैद्यकीय वापराचे किरणोत्सारी पदार्थ देशभरच्या रुग्णालयांना जाऊ लागले. वाशीच्या कित्येक रहिवाशांना आपल्या शेजारी हे काम चालतं याची कल्पनाही नसते.

आयोडीन शोषणारी गाठ ‘गरम’ आणि न शोषणारी ‘थंड’. गरम गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, हे या तपासणीने पक्कं केलं. थायरॉइडच्या कॅन्सरवरच्या उपचारात तर किरणोत्सारी आयोडीनचं मोल आजही मोठं आहे. पण निदानाचा पेच सुटला नाही. कारण बहुसंख्य गाठी थंडच निघतात आणि थंड गाठींतल्याही बहुसंख्य निरुपद्रवी असतात. ‘थंड गाठ, ऑपरेशन करा’ हा शेरा त्या काळी असंख्य कागदांवर पडला आणि ऑपरेशननंतर ‘कॅन्सर नाही’ असा अहवाल आला की घरचे पेढे वाटत. आनंद खराच होता. ते ऑपरेशन मुळात टाळता आलं असतं का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नसे.

तो प्रश्न विचारणारे लोक दुसरीकडे, एका वेगळ्याच वाटेने निघाले होते.

सुईने गाठीतला द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकात तुरळक झाले होते. १९०४ मध्ये ग्रेग आणि ग्रे या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या निद्रारोगाच्या रुग्णांच्या मानेतल्या गाठींत सुई घालून त्या रोगाचे परजीवी शोधले. कॅन्सरसाठी मात्र ही पद्धत शिस्तीने वापरली ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये. तिथले हेज मार्टिन हे डोकं आणि मानेचे शल्यचिकित्सक. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांच्या मदतीने त्यांनी गाठीत सुई घालून, सिरिंजने ओढून, आलेल्या कणांची काचपट्टी बनवायची रीत बसवली आणि १९३० मध्ये ती प्रसिद्ध केली. फ्रेड स्ट्युअर्ट या विकृतिशास्त्रज्ञांनी त्या काचपट्ट्या वाचल्या. एका शल्यचिकित्सकाने, एका तंत्रज्ञाने आणि एका विकृतिशास्त्रज्ञाने मिळून केलेलं हे काम होतं. यातला एक जरी कच्चा असला तर तपासणी फसते, हे आजही तितकंच खरं आहे.

इतकं होऊनही अमेरिकेत ही पद्धत मागे पडली. पहिलं कारण सुईचंच. मार्टिन यांची सुई १८ क्रमांकाची, म्हणजे सव्वा मिलिमीटर जाडीची होती. दुसरं कारण सवयीचं. विकृतिशास्त्रज्ञांना पूर्ण तुकडा पाहायची सवय. सुट्या पेशींवरून मत द्यायला ते तयार नसत. आणि तिसरं कारण तेच, उरणच्या आजींचं. गाठीला डिवचलं की कॅन्सर सुईच्या वाटेने पसरेल, ही धास्ती.

ही वाट पुन्हा मोकळी केली स्वीडनने. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयात रेडियमहेमेट नावाचा कॅन्सर विभाग आहे. तिथले सिक्स्टेन फ्रान्झेन हे मूळचे रक्तविकारांचे तज्ज्ञ. रक्ताच्या डॉक्टरला सुट्या पेशी पाहण्याचा संकोच कसला? रक्तात सगळ्या पेशी सुट्याच असतात. हवेत वाळवलेली काचपट्टी, तिच्यावर रक्ततपासणीतला निळा-जांभळा रंग आणि केवळ पेशीच्या रूपावरून निदान, हे त्यांचं रोजचं काम. तीच रीत त्यांनी गाठींना लावली. सुई घेतली २२-२३ क्रमांकाची, सुमारे ०.६ ते ०.७ मिलिमीटरची. रक्त काढायला वापरतात साधारण तशीच. एका हाताने सिरिंज ओढता यावी म्हणून एक मूठ बनवली. दुसरा हात गाठ पकडायला मोकळा राहिला. थायरॉइडच्या बारीक सुईच्या तपासणीवर आइनहॉर्न आणि फ्रान्झेन यांचा निबंध १९६२ मध्ये आला. पुढे योसेफ झाजिचेक आणि टॉर्स्टेन लोवहागेन या त्यांच्या सहकाऱ्यांनी या शास्त्राला नेमकेपणा दिला. जगभरचे डॉक्टर ही विद्या शिकायला स्टॉकहोमला जाऊ लागले.

आणि त्या धास्तीचं काय? स्टॉकहोमच्या गटाने तिला वादाने उत्तर दिलं नाही, मोजून दिलं. सुई लावलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि १९७१ मध्ये निष्कर्ष मांडला की बारीक सुईमुळे कॅन्सर पसरून रुग्णाचं नुकसान होतं असं दिसत नाही. त्यानंतर जगभर असंख्य थायरॉइडना सुई लागली आहे. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या अगदी अपवादात्मक. बहुतेक ठिकाणी छोट्या उपचाराने प्रश्न मिटला. उलट, भीतीपोटी वाया गेलेल्या महिन्यांत वाढलेल्या गाठी आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. म्हणून कोणी ‘गाठ खवळेल का?’ असं विचारलं की मी म्हणते, ‘ताई, हा प्रश्न मोठमोठ्या डॉक्टरांनी विचारला होता. त्याचं उत्तर मिळून पन्नास वर्षं झाली.’

या तपासणीचं मर्म कळायला एक उदाहरण वाशीच्या बाजारातलंच घेऊ. मशीद बंदरचा घाऊक धान्यबाजार वाशीला आला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिथला व्यापारी पोतं उघडत नाही. टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, दोन ठिकाणी आणखी टोचतो आणि सांगतो, गहू कसा आहे, किडका आहे का, ओल लागली आहे का. पोतं जसंच्या तसं राहतं. आमचं काम हेच. फरक इतकाच की आमचे दाणे डोळ्यांना दिसत नाहीत.

काचपट्टीवर काय दिसतं? साध्या गाठीत कोलॉइड नावाचा चिकट रस भरपूर असतो. वाळल्यावर त्याला उन्हाळ्यातल्या आटलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात. त्यात लहान, एकसारख्या पेशी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे नीटस बसलेल्या असतात. ते दृश्य दिसलं की मन निवांत होतं. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या थायरॉइडच्या दाहात पेशींभोवती लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. आपल्याकडच्या बायकांत हा विकार पुष्कळ आढळतो आणि सहसा त्याला चाकू लागत नाही, लागली तर गोळी लागते. पॅपिलरी कॅन्सर हा थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर. त्यात पेशींची केंद्रकं मोठी, फिकट होतात, त्यांच्यावर कॉफीच्या बीवर असते तशी खाच पडते, काहींत पोकळीसारखा गोल डाग दिसतो. हा किडका दाणा सरावलेल्या डोळ्याला सुटत नाही.

आपल्याकडे ही विद्या रुजायला जमीन तयार होती. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सांभाळली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे ते जनक मानले जातात. तंबाखू चघळण्याने होणारा तोंडाचा कॅन्सर, धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणारा कॅन्सर, अशी इथल्या माणसांच्या राहणीतून उगवणारी दुखणी त्यांनी जगापुढे मांडली. पेशी पाहा आणि माणूसही पाहा, ही शिस्त त्या पिढीने घालून दिली. १९८०च्या दशकात सुईची तपासणी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत चांगलीच रुळली. तिला ऑपरेशन थिएटर लागत नाही, भूल लागत नाही, खाटेवर दाखल व्हावं लागत नाही. सुई, सिरिंज, काचपट्ट्या, रंग, सूक्ष्मदर्शक आणि जाणता डोळा. गरीब देशाला परवडणारं आणि श्रीमंत देशाइतकंच अचूक असं वैद्यकात फार थोडं आहे. ही तपासणी त्यातली एक.

नवी मुंबईचा विचार केला तर बदल ठळकपणे जाणवतो. सिडको १९७० ची, पहिला खाडीपूल १९७३ चा, वाशीपर्यंत लोकल आली १९९२ मध्ये. तोवर गळ्याला गाठ आली की बस पकडून परळ गाठायचं, नंबर लावायचा, अहवालासाठी पुन्हा जायचं. रोजंदारीवर जगणाऱ्याला प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस. पुढे नेरूळ आणि कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालयं झाली. टाटा मेमोरियल सेंटरची कॅन्सर संशोधन संस्था २००२ च्या सुमारास परळहून खारघरच्या साठ एकरांच्या परिसरात आली आणि ‘ॲक्ट्रेक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आज पनवेल-उरणच्या माणसालाही सुईची तपासणी हाकेच्या अंतरावर मिळते.

सुईने किती माणसं वाचवली, याचा हिशोब अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गरीब आणि गोल्नर या डॉक्टरांनी १९९३ मध्ये मांडला. सुईची तपासणी आल्यावर थायरॉइडची ऑपरेशनं सुमारे पाव हिश्शाने कमी झाली. आणि जी झाली, त्यांत कॅन्सर निघण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून किमान ३० टक्क्यांवर गेलं. म्हणजे चाकू कमी गळ्यांवर चालला आणि ज्यांना हवा होता त्यांच्यापर्यंत जास्त पोचला. लोकांना वाटतं, सुई कॅन्सर शोधायला असते. मी म्हणेन, ज्यांना कॅन्सर नाही त्यांना घरी पाठवणं, हे तिचं त्याहून मोठं काम.

आता सुईची मर्यादाही सांगायला हवी. पुन्हा वाशीच्या पोत्याकडे जाऊ. मूठभर दाण्यांवरून धान्य किडकं आहे का ते कळतं; पोतं कुठे फाटलं आहे का, ते कळत नाही. थायरॉइडचा फॉलिक्युलर नावाचा एक कॅन्सर असा आहे की त्याच्या पेशी निरुपद्रवी गाठीच्या पेशींसारख्याच दिसतात. फरक एवढाच की कॅन्सर असेल तर त्या गाठीचं वेष्टन किंवा रक्तवाहिनी भेदून बाहेर पडलेल्या असतात. ते वेष्टन सुईत येत नाही. अख्खी गाठ काढून पाहिल्यावरच उत्तर मिळतं. म्हणून कधी कधी आमच्या अहवालात ‘नक्की सांगता येत नाही’ अशा अर्थाचे शब्द असतात. रुग्ण वैतागतात, पैसे वाया गेले म्हणतात. पण त्या जागी ठाम खोटं सांगण्यापेक्षा हे प्रामाणिक उत्तर केव्हाही बरं.

ही अनिश्चितता प्रत्येक डॉक्टर आपापल्या शब्दांत लिहीत असे. एकाचं ‘संशयास्पद’ दुसऱ्याच्या ‘अनिश्चित’हून वेगळं होतं का, हे शल्यचिकित्सकाला कळत नसे. म्हणून २००७ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि थायरॉइडच्या सुईच्या अहवालासाठी सहा वर्ग ठरले. पहिला, नमुना अपुरा. दुसरा, निरुपद्रवी. तिसरा आणि चौथा अनिश्चिततेचे. पाचवा, कॅन्सरचा दाट संशय. सहावा, कॅन्सर. प्रत्येक वर्गात धोका किती आणि पुढे काय करायचं, हेही लिहिलं गेलं. सर्वसाधारणपणे काचपट्टीवर दहा-दहा पेशींचे किमान सहा समूह नीट दिसले, तरच नमुना पुरेसा मानायचा, हेही त्यात आलं. २०२३ मध्ये या पद्धतीची तिसरी आवृत्ती निघाली. आता खारघरचा अहवाल कोल्हापूरच्या किंवा ह्यूस्टनच्या डॉक्टरच्या हाती पडला तरी अर्थ एकच निघतो. तुमच्या अहवालावर ‘बेथेस्डा २’ असं लिहिलेलं असलं, तर त्याच्यामागे हा इतिहास आहे.

शेवटचा अध्याय अलीकडचा आणि सावध करणारा. सुईच्या जोडीला सोनोग्राफी आली. हाताला न लागणाऱ्या दोन-चार मिलिमीटरच्या गाठी दिसू लागल्या. सहज म्हणून गळ्याची सोनोग्राफी केली, तर वीस ते साठ टक्क्यांहून अधिक लोकांत काहीतरी गाठ दिसते, इतक्या त्या सर्रास आहेत. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये थोडे जादा पैसे भरून थायरॉइडची सोनोग्राफी करायची लाट आली. दिसेल त्या गाठीला सुई लागली. परिणाम? २०११ मध्ये तिथे थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूचं प्रमाण मात्र जिथल्या तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेले बहुतेक कॅन्सर असे होते की ते सापडले नसते तरी माणसं आपलं आयुष्य पुरं जगली असती. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची थायरॉइड काढली गेली आणि काहींच्या वाट्याला आवाजाचे, कॅल्शियमचे त्रास आले. २०१४ मध्ये कोरियातल्याच डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि तिथली ऑपरेशनं झपाट्याने उतरली.

जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३ पासूनच दुसरी वाट धरली होती. एक सेंटिमीटरपर्यंतचा, कमी धोक्याचा पॅपिलरी कॅन्सर असला तरी रुग्णाच्या संमतीने ऑपरेशन न करता नियमित नजर ठेवायची. दहा वर्षांत शंभरातल्या सुमारे आठांची गाठ तीन मिलिमीटर वा अधिक वाढली. त्यांच्यावर तेव्हा उपचार केले. नजरेखाली ठेवलेलं कोणीही या कॅन्सरने दगावलं नाही. आजच्या नियमावल्याही सांगतात की एक सेंटिमीटरहून लहान गाठीला सहसा सुई लावू नये आणि सोनोग्राफीत साधी दिसणारी गाठ अडीच सेंटिमीटरची होईपर्यंत थांबलं तरी चालतं. जे साधन माणसाला चाकूपासून वाचवायला आलं, ते वाटेल तिथे वापरलं तर तेच त्याला चाकूकडे नेतं. आपल्याकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती भिंतीभिंतींवर दिसत असताना हे ध्यानात ठेवायला हवं.

तेव्हा गळ्याला गाठ लागली, तर काय करावं? आधी डॉक्टरांना गळा दाखवा, रक्ताची टीएसएच चाचणी आणि गळ्याची सोनोग्राफी करा. गाठ झपाट्याने वाढत असेल, दगडासारखी कडक असेल, आवाज बसला असेल, मानेत दुसऱ्या गाठी असतील, लहानपणी गळ्याला किरणोपचार झाले असतील किंवा घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल, तर मुळीच वेळ दवडू नका. सुईची गरज आहे का, ते डॉक्टरांना मोकळेपणी विचारा. गरज असेल तर घाबरू नका. उपाशी राहावं लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुई दोन-तीनदा टोचावी लागते, प्रत्येक वेळी काही सेकंद. मग पाच-दहा मिनिटं कापसाचा बोळा दाबून धरायचा आणि घरी जायचं. अहवाल आला की बेथेस्डाचा कितवा वर्ग आहे ते विचारा आणि तो कागद जपून ठेवा. नमुना अपुरा आला तर पुन्हा तपासणी करावी लागते; त्याचा अर्थ कॅन्सर आहे असा नव्हे. आणि ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल, पण सुईची तपासणीच झालेली नसेल, तर ‘आधी सुईने पाहता येईल का?’ एवढं जरूर विचारा. तो विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)